‘सत्या’ पुन्हा पडद्यावर: रक्त काढणाऱ्या बाईचं मत

सकाळी साडेसहा ते दुपारी दीड मी लोकांचं रक्त काढते. आधी पालिकेच्या रुग्णालयात शिकाऊ म्हणून आणि मग एका खाजगी लॅबमध्ये, मिळून पंचवीसच्या वर वर्षं झाली. त्यामुळे मारधाडीच्या पिक्चरमध्ये रक्त आलं की माझं गोष्टीतलं लक्षच उडतं. रंग चुकलेला असतो. शिरेतून येणारं रक्त काळपट असतं, जांभळाकडे झुकणारं. साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर अर्ध्या तासात दह्यासारखं बसतं, कपड्यावर पडलं तर वाळून तपकिरी होतं. पिक्चरमधल्या गुंडाचा शर्ट मात्र दुसऱ्या दिवशीही रोझ सरबत सांडल्यासारखा.

‘सत्या’त या तक्रारीला फारशी जागा नाही. लोकांच्या डोक्यात जेवढं रक्त आहे तेवढं पिक्चरमध्ये नाहीच. कुणालाही विचारा, “लय खूनखराबा आहे” असंच म्हणतील. या वेळी मी मुद्दाम बघत होते. गोळी लागते, माणूस पडतो, मारणारे गाडीत बसतात, आणि पुढच्या सीनमध्ये कुणीतरी काहीतरी खात असतं.

१७ जानेवारी २०२५ ला पिक्चर पुन्हा लागला, तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, तू सारखी सांगत असतेस ना, चल.” रविवारी दुपारचा शो धरला. मी, मुलगा आणि दादाचा मुलगा. पूर्व उपनगरातलं मल्टिप्लेक्स, नाव घेत नाही. एसी एवढा की ओढणी कानाला गुंडाळून बसावं लागलं, आणि आवाज एवढा मोठा लावलेला की खोलीत हळू बोलणारी माणसंसुद्धा स्टेशनवर उद्घोषणा करतायत असं वाटत होतं. तिकीट माणशी एकशे ऐंशी, पॉपकॉर्न त्याच्या दुप्पट. मी पर्समध्ये चिक्की नेली होती.

पहिल्यांदा पाहिला तो जुलै १९९८ मध्ये. ३ तारखेला लागला होता, आम्ही दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात गेलो. आम्ही ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत राहायचो, एकशेसाठ चौरस फुटांची खोली, माणसं सहा. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करत होते. असल्या पिक्चरला मुलींनी जायचं नाही असा काही लेखी नियम नव्हता, पण दादा म्हणाला, “तिथे पब्लिक कसं असतं तुला माहीत नाही.” शेवटी आई म्हणाली, “मी येते बरोबर, मग काय करतं पब्लिक ते बघू.” अशी आमची वरात निघाली: दादा, त्याचे दोन मित्र, आई, मी, आणि शेजारचे हवालदारकाका, ज्यांनी साध्या कपड्यात येऊनसुद्धा डोअरकीपरला आपण कोण ते सांगितलंच.

थिएटर दादरचं, एकपडदा, पंखेवालं. पडद्यावर पाऊस, बाहेर पाऊस, आणि स्टॉलच्या मागच्या दोन रांगांत पत्र्यातून थेंब. त्या वेळी दादरला थिएटरात बसलं की खुर्चीखाली हात घालून बघायची सवय अजून गेली नव्हती. १२ मार्च १९९३ ला प्लाझा थिएटरच्या आवारात बॉम्ब फुटलेला, त्याला पाच वर्षं झाली होती. पिक्चरच्या आदल्या वर्षीचं, १९९७ चं तर विचारू नका. जानेवारीत पवईला कामगार पुढारी दत्ता सामंतांना गोळ्या घातल्या, ऑगस्टमध्ये अंधेरीला देवळाबाहेर गुलशन कुमारांना. आमच्याकडे बाबा सामंतांच्या १९८२ च्या गिरणी संपात घरी बसलेले, सामंतांचा फोटो ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सांगायचा मुद्दा, ‘गेम केला’, ‘सुपारी’, ‘पेटी’, ‘खोका’, ‘घोडा’ हे शब्द शिकायला आम्हाला पिक्चरची गरज नव्हती. नळावर पाणी भरताना कानावर पडायचे.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून भराभर सांगते. सत्या नावाचा पोरगा मुंबईत येतो. कुठून येतो ते पिक्चर शेवटपर्यंत सांगत नाही. बारमध्ये वेटर, मग हप्त्यावरून भांडण, मग खोट्या केसमध्ये तुरुंग, तिथे भिकू म्हात्रेशी हाणामारी आणि दोस्ती. भिकू त्याला बाहेर काढतो, खोली मिळवून देतो, काम देतो. शेजारच्या खोलीत विद्या राहते, तिला गायिका व्हायचंय. वर भाऊ म्हणून एक पुढारी, बाजूला वकील, आणि सगळ्यांना धरून असलेला कल्लू मामा. राम गोपाल वर्माचं दिग्दर्शन, लिहिलाय अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्लाने. त्यातला सौरभ शुक्लाच कल्लू मामा झालाय.

उर्मिला आणि परेश रावल सोडले तर तेव्हा कुणाचं नाव पाहून तिकीट काढावं असं कुणी नव्हतं. पिक्चर कमी पैशांत केलाय हे दिसतं, आणि मला तेच आवडतं. खोल्या खोल्यांसारख्या आहेत. माणूस उठून उभा राहिला की दुसऱ्याला पाय आखडून घ्यावे लागतात. मोठ्या बजेटच्या पिक्चरमध्ये चाळीतली खोली एवढी मोठी असते की आत क्रिकेट खेळावं. आणि सगळा उजेड खिडकीतून येतो तसा येतो, एका बाजूने.

एक गोष्ट मात्र १९९८ मध्येही खटकली आणि आताही. इन्स्पेक्टरचं आडनाव खांडिलकर. खाडिलकर ऐकलेत, खांडेकर ऐकलेत, खांडिलकर मी आजवर एकही रक्ताच्या फॉर्मवर पाहिलेला नाही, आणि फॉर्म मी रोज साठ-सत्तर बघते. आईने तेव्हा थिएटरातच मोठ्याने विचारलं होतं, “हे कुठले?” या वेळी त्याच इन्स्पेक्टरची एन्ट्री झाली आणि मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, सीआयडीचा अभिजीत!” अख्खं थिएटर हसलं. टीव्हीवरच्या ‘सीआयडी’ मालिकेतला अभिजीत आणि इथला इन्स्पेक्टर एकच, आदित्य श्रीवास्तव. त्याची यात काय चूक.

आता मतं. पिक्चर सुटल्यावर आम्ही १९९८ मध्ये चालत घरी आलो, छत्र्या तीन आणि माणसं सहा, आणि चाळीच्या गॅलरीत रात्री साडेबारापर्यंत वाद चालला. मला पिक्चरइतकाच तो वाद लक्षात आहे.

दादाचं आणि मित्रांचं मत एका शब्दाचं: भिकू. भिकू झालेला मनोज वाजपेयी हा माणूस बिहारचा आहे हे कळल्यावर दादाचा मित्र मानायलाच तयार नव्हता. म्हणाला, “काय पण सांगता, हा आपल्या खालच्या गल्लीतला आहे.” समुद्राच्या खडकावर उभं राहून भिकू मुंबईचा राजा कोण ते ओरडून विचारतो, त्या सीनला पोरं खुर्चीवर उभी राहिली होती. पुढे महिनाभर आमच्या गच्चीवरून तो प्रश्न रोज रात्री कुणीतरी विचारायचं आणि समोरच्या चाळीतून कुणीतरी शिवी देऊन उत्तर द्यायचं.

हवालदारकाकांचं मत वेगळं. ते पिक्चरभर गप्प होते, गॅलरीत आल्यावर चहा मागितला आणि म्हणाले, “पोरांच्या हातात नवी पिस्तुलं आणि आम्ही खांद्यावर जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल घेऊन गणपतीचा बंदोबस्त करतोय, तेवढं बरोबर दाखवलंय.” कमिशनरला भर रस्त्यात मारतात हे त्यांना पटलं नाही. पण त्यांचा खरा राग थिएटरच्या सीनवर होता. “बाकीची दारं बंद करून एकच उघडं ठेवायचा हुकूम देणारा अधिकारी आधी निलंबित करायला पाहिजे. गुंड नंतर बघू.”

तो सीन असा. सत्या विद्याला घेऊन पिक्चरला गेलाय, ‘बॉर्डर’ लागलाय. एक जुना वैरी त्याला ओळखतो आणि पोलिसांना कळवतो. पोलीस येतात, सगळी दारं लावून घेतात, एक सोडतात, म्हणजे बाहेर पडणारा प्रत्येक माणूस बघता येईल. सत्याला पोलिसांची भीती आहे, पण त्याहून मोठी भीती अशी की आपण कोण हे शेजारी बसलेल्या पोरीला कळेल. तो जमिनीवर गोळी झाडतो. लोक पळत सुटतात. पुढे जे होतं ते चेंगराचेंगरीत होतं, आणि मरतात ती तिकीट काढून आलेली माणसं.

१९९८ मध्ये हा सीन लागला तेव्हा आमच्या थिएटरात एक गोष्ट झाली जी मी आजवर पुन्हा पाहिली नाही. लोकांनी माना वळवून दारांकडे पाहिलं. एकाने नाही, रांगाच्या रांगांनी. लाल दिव्याखालची चार दारं, एका दारापाशी डोअरकीपर स्टुलावर बसलेला. आईने माझं मनगट धरलं आणि सीन संपेपर्यंत सोडलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १३ जून १९९७ ला, दिल्लीत उपहार थिएटरला आग लागून ५९ माणसं गेली होती, बहुतेक धुरात गुदमरून, कारण बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या. तिथेही त्या वेळी ‘बॉर्डर’च चालू होता. हे माहीत असून पिक्चरमध्ये घातलं की योगायोग, ते करणाऱ्यांना ठाऊक. आम्ही प्रेक्षक मात्र ते विसरलेलो नव्हतो.

या वेळी त्याच सीनला कुणीही दाराकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. हिरव्या पाटीवर पळणारा माणूस होता. माझ्या डाव्या हाताला बसलेला एक अनोळखी मुलगा त्या वेळी मोबाइलवर मघाच्या समुद्राच्या सीनचा व्हिडिओ कुणाला तरी पाठवत होता. तो त्याने स्क्रीनवरूनच शूट केला होता, आणि मोबाइलचा उजेड माझ्या चष्म्यात येत होता. मी म्हटलं, “बाळा, बंद कर ते.” त्याने केला, “सॉरी आंटी” म्हणून. चांगला मुलगा होता, पण सीन गेला त्याचा.

माझं स्वतःचं मत १९९८ मध्ये काय होतं? गाणी आवडली होती, आणि सत्या हा चेहऱ्याने फारच मख्ख वाटला होता. एवढंच. ते मत बदललं त्याला कारण पिक्चर नाही.

पुढच्या वर्षी मला रक्तपेढीत रात्रपाळी लागली. पावसाळाच होता. पहाटे दोनच्या सुमारास पोटात गोळी लागलेला एक पोरगा आणला, वीस-बावीसचा. त्याच्या मागोमाग कॉरिडॉरमध्ये पंचवीस-तीस मुलं. सगळ्यांच्या मनगटाला लाल धागे, सगळे मोठमोठ्याने बोलतायत, कोण काय करणार, कुणाला सोडणार नाही. वॉर्डबॉय त्यांच्यातून वाट काढायला घाबरत होता. डॉक्टरांनी चार बाटल्या मागितल्या. मी ग्रुप काढला, क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतं का ती तपासणी, लावलं आणि बाहेर येऊन म्हटलं, बदली रक्त द्यावं लागेल, चार जण या. सगळे एकदम पुढे. एकाने शर्टाची बाही वर केली, म्हणाला, “ताई, सगळं घ्या.” मी फॉर्मचा गठ्ठा आणि पेन पुढे केलं. फॉर्मवर पहिल्या तीन ओळी: पूर्ण नाव, वय, राहण्याचा पत्ता.

मी आत जाऊन सुया घेऊन आले, जास्तीत जास्त पाच मिनिटं. कॉरिडॉरमध्ये चौघं उरली होती. त्यातल्या दोघांनी दारू घेतलेली, म्हणजे ते बाद. पोराच्या आईचं हिमोग्लोबिन आठ निघालं, तिचं घेता येईना, आणि ती “घ्या हो, मला काही होत नाही” म्हणत हात पुढेच करत होती. शेवटी तिघांनी दिलं: उरलेली दोन पोरं आणि त्याला आणून सोडणारा टॅक्सीवाला, ज्याला तोपर्यंत भाडंही मिळालेलं नव्हतं. त्याने फॉर्मवर पत्ता लिहिला, खाली गावाचाही लिहिला. मग बिस्किटाचा पुडा आणि चहा घेऊन गाडी धुवायला गेला.

सकाळी सातला माझी ड्युटी संपली. पोराचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

म्हणून या वेळी थिएटरच्या सीनला मला सत्याचा चेहरा मख्ख वाटला नाही. जे. डी. चक्रवर्ती तिथे काहीच करत नाही, फक्त दाराकडे आणि मग विद्याकडे बघतो. फॉर्म पुढे आल्यावर त्या पोरांनी माझ्याकडे असंच पाहिलं होतं. मारायला तयार, मरायलाही कदाचित तयार, फक्त नाव कुठे लिहायचं नाही.

आणि दुसरा सीन भाऊच्या घरचा. निवडणूक जिंकल्याची पार्टी चालू आहे, भिकू आलाय, हसणं-खिदळणं, गळ्यात हात. आणि मध्येच, बोलता बोलता, डोक्यात गोळी. संगीत आधी वाढत नाही, कुणी भाषण करत नाही. संदीप चौटाच्या पार्श्वसंगीताची एवढी तारीफ होते, तर माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम इथे गप्प बसणं. १९९८ मध्ये दादा ताडकन उठून उभा राहिला होता. या वेळी माझ्या भाच्याच्या तोंडात पॉपकॉर्न होतं, ते त्याने चावायचं थांबवलं. सहा महिने दाढी राखून भिकूची नक्कल करणारा दादा त्या रात्री गॅलरीत या सीनबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

मुलाचं मत: “चांगला आहे, पण आई, आता हे सगळे सीन बघून बघून झालेत.” खरं आहे. यानंतर पंचवीस वर्षं प्रत्येकाने हेच केलं, म्हणून मूळचा पिक्चरच नक्कल वाटायला लागलाय. भाच्याला गोळीबार कमी वाटला. हल्लीच्या पिक्चरमध्ये एका हाणामारीत जेवढी माणसं मरतात तेवढी इथे अख्ख्या पावणेतीन तासांत नाहीत, असं त्याचं गणित. मी विचारलं, त्या हल्लीच्या पिक्चरमधल्या मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव आठवतं का? तर म्हणाला, “आत्या, तू सुरू करू नकोस.”

कंटाळा कुठे येतो तेही सांगते. प्रेमाची गाणी. ऐकायला गोड, गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजची चाल, पण दर वेळी पिक्चर गाडी बाजूला लावून उतरल्यासारखा थांबतो. आणि विद्या. उर्मिला मातोंडकर तेव्हा एवढ्या मोठ्या नावाची असून साध्या सुती कपड्यांत किती बरी दिसते, पण ही शिकलेली मराठी मुलगी शेजारचा माणूस नक्की करतो काय हे धड विचारत नाही. आईचं यावर तेव्हाच मत होतं: “आमच्याकडे स्थळ बघताना पगाराची स्लिप मागतात.” भाऊच्या भूमिकेत गोविंद नामदेव अजूनही अंगावर येतो, मकरंद देशपांडेचा वकील थोडा जास्तच झालाय. मुंबईतल्या मराठी गुंडांचा हा पिक्चर, आणि हिंदीत मध्येच पेरलेलं त्यातलं मराठी मात्र बाहेरून आलेल्या माणसाने हिशोबाने टाकलेल्या मिठासारखं. आळणी नाही, पण हात आपला नाही.

आईचं खरं मत मात्र प्यारीबद्दल होतं. भिकूची बायको, शेफाली शहा. तिचे सीन थोडे आहेत. भिकू घरी येतो तेव्हा ती त्याला फाडून खाते, तो हात उचलतो, तीही उचलते, आणि दोन मिनिटांत दोघं हसतायत, पोरं मध्ये लुडबुडतायत. पोरांना शिट्टी मारायला तिथे काही नव्हतं, म्हणून तो वेळ बाहेर सिगारेट ओढायचा. आई मात्र पुढे सरकून बसली होती. गॅलरीत सगळे भिकू भिकू करत असताना ती तांदूळ निवडत म्हणाली, “त्या बाईचं आणि पोरांचं पुढे काय होणार, ते दाखवायला नको? खोलीचं भाडं कोण भरणार?” हवालदारकाका म्हणाले, “वहिनी, ते पिक्चरमध्ये दाखवत नाहीत.” आई म्हणाली, “मग पिक्चर अर्धाच झाला.”

कुणी बघावा? मोठ्या पडद्यावर मिळत असेल तर जरूर, पण मधल्या रांगेत बसा, पुढे आवाज सोसवत नाही. लहान मुलं नेऊ नका. शिव्या आहेत म्हणून नव्हे, शिव्या त्यांना आपल्याहून जास्त येतात, थिएटरच्या सीनसाठी. आणि समुद्राचा सीन शूट करायचाच असेल तर निदान ब्राइटनेस कमी करा. पाचपैकी चार. एक गाण्यांचा आणि आडनावाचा मिळून कापला.

रात्री आईला फोन केला. ती आता दादाकडे असते, शहाहत्तर पूर्ण झाली, गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या जमत नाहीत. मी म्हटलं, “तो ‘सत्या’ पाहून आलो गं, आपण सगळे गेलो होतो तो.”

“तो पावसातला?”

“हो.”

“मग या वेळी तरी दाखवलं का, त्या बाईचं काय झालं?”

“अगं, तोच पिक्चर आहे आई. तोच परत लावलाय.”

“एवढी वर्षं होती त्यांच्याकडे,” ती म्हणाली, आणि भाच्याला ताप आहे का विचारायला लागली, कारण तो आल्यापासून जेवला नव्हता.